विश्लेषण : मुलांच्या मनावरच्या आघाताचे ‘ट्रॉमा सेंटर’ कुठे आहे?

महामार्गावर ‘ट्रॉमा केअर सेंटर’ अशी पाटी दिसली की आत काय असेल, हे कुणाला सांगावे लागत नाही. मोडलेली हाडे, डोक्याला मार, रक्ताच्या पिशव्या, बाहेर नातेवाईकांची धावपळ. अपघात झाला तर जायचे कुठे, हे आता खेड्यातल्या माणसालाही ठाऊक असते. पण लैंगिक अत्याचार सोसलेल्या मुलीला, दरडीतून वाचलेल्या मुलाला, वडिलांच्या आत्महत्येनंतर बोलेनाशा झालेल्या पोराला घेऊन कुठे जायचे, असे विचारले तर पोलीस ठाणे, न्यायालय, तहसील कचेरी अशी उत्तरे येतात. उपचाराचे ठिकाण त्या यादीत बहुधा नसते.

राज्यात कायदा आहे, भरपाईची योजना आहे, हेल्पलाइन आहे. नाही तो आठवड्यातून एकदा, सलग तीन-चार महिने, त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना भेटणारा प्रशिक्षित माणूस. ही उणीव नव्या योजनेने भरून निघणारी नाही. कारण त्या माणसाला बसवता येईल अशी जागा बहुतेक जिल्ह्यांत आधीच आहे.

हा विषय पुन्हा का चर्चेत?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकरणानंतर लोक रेल्वे रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यानंतरची चर्चा फाशी, सीसीटीव्ही, शाळांची जबाबदारी आणि पोलिसांची दिरंगाई यांभोवती फिरली. ती रास्तच होती. मात्र अशा प्रत्येक प्रकरणात एक मूल असते, त्याची भावंडे असतात, आपण शाळेत पाठवले म्हणून स्वतःला दोष देणारी आई असते. त्यांचे पुढे काय होते, याची बातमी क्वचितच येते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात बालकांविरुद्धचे १ लाख ६२ हजार ४४९ गुन्हे नोंदले गेले. त्यात २० हजार ७६२ नोंदींसह महाराष्ट्र सर्व राज्यांत पुढे होता. जास्त नोंद म्हणजे जास्त गुन्हे असे सरळ म्हणता येत नाही. जिथे लोक तक्रार द्यायला धजावतात आणि पोलीस ती लिहून घेतात, तिथे आकडा वाढतोच. पण नोंद झालेले मूल तरी यंत्रणेला माहीत असते. त्याच्यापर्यंत उपचार पोहोचत नसतील, तर ज्यांची नोंदच नाही त्यांचा विचार करायलाच नको.

आघात मुलांमध्ये कसा दिसतो?

वाईट प्रसंग अनुभवलेल्या प्रत्येक मुलाला आजार होतोच असे नाही. घर, शाळा, आजी, मित्र यांच्या आधाराने बरीच मुले काही आठवड्यांत सावरतात. काही सावरत नाहीत. झोप, भूक, अभ्यास आणि माणसांवरचा विश्वास या चारही गोष्टी बिघडलेल्या राहतात आणि महिना उलटला तरी सुधारत नाहीत. तेव्हा ‘आघातोत्तर तणाव विकारा’चा, म्हणजे पीटीएसडीचा विचार करावा लागतो.

मोठ्या माणसाप्रमाणे मूल ‘मला तो प्रसंग सारखा आठवतो’ असे सांगत नाही. सहा वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओले करू लागतो. तिसरीतली मुलगी आईचा पदर सोडत नाही. कुणाचे पोट दुखते आणि सोनोग्राफीत काहीच सापडत नाही. कुणी एकच खेळ पुन्हा पुन्हा खेळते. मातीचे घर बांधायचे आणि पाडायचे, बाहुलीला कपाटात कोंडायचे. या खेळात मजा नसते, हेच त्याचे लक्षण. वयात आलेली मुले चिडतात, शाळा सोडतात, रात्र रात्र मोबाइलवर जागतात. घरचे म्हणतात, पोरगे बिघडले.

या क्षेत्रातील एक मूलभूत धडा अमेरिकेतून आला. जुलै १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावी शाळेची बस पळवून २६ मुलांना आणि चालकाला जमिनीखाली पुरलेल्या एका वाहनात कोंडण्यात आले. सगळे जिवंत सुटले, कुणाला गंभीर इजा नव्हती. मुले घरी आली, विषय संपला, असेच सर्वांना वाटले. काही महिन्यांनी बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर तिथे गेल्या आणि मुलांना एकेक करून भेटल्या. चार वर्षांनी त्यांनी पुन्हा भेटी घेतल्या. तपासलेल्या प्रत्येक मुलात आघाताच्या खुणा होत्या. कुणी अंधाराला, कुणी गाडीला भीत होते. अनेकांना आपण फार वर्षे जगणार नाही असे वाटत होते. बाहेरून पाहणाऱ्याला ही मुले ठीकच दिसत होती.

‘लहान आहे, विसरून जाईल. तो विषयच काढू नका’ हे आपल्याकडचे वाक्य प्रेमातूनच येते. पण घरात त्या विषयावर पडदा पडला की मूल एवढेच शिकते, की ही गोष्ट इतकी वाईट आहे की आईसुद्धा ती उच्चारत नाही. मग दोष आपलाच असणार, असा अर्थ ते स्वतःच लावते.

उपचार म्हणजे नेमके काय करतात?

‘समुपदेशन’ या एका शब्दात बरेच काही कोंबले जाते. पोलीस ठाण्यात अर्धा तास धीर देणे हेही समुपदेशन, शाळेत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवणे हेही समुपदेशन. आघातावरचा उपचार ही वेगळी, शिकावी लागणारी गोष्ट आहे.

मुलांसाठी सर्वाधिक अभ्यासली गेलेली पद्धत म्हणजे ‘ट्रॉमा-फोकस्ड कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी’. ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी ती विकसित केली. साधारण १२ ते १६ आठवड्यांचे काम. सुरुवातीला घटनेबद्दल बोलतच नाहीत. भीती वाटली की शरीरात काय होते, श्वास कसा सावरायचा, राग, लाज, भीती यांना नावे कशी द्यायची, हे मूल शिकते. विश्वास बसल्यावर ते आपल्या गतीने, चित्रांतून किंवा शब्दांतून, घडलेले मांडू लागते. ‘मी ओरडले नाही म्हणून झाले’ असा समज असेल तर तो तिथे तपासला जातो. शेवटी मूल ही गोष्ट आई किंवा वडिलांसमोर सांगते. पालक ती न कोसळता ऐकू शकतात, हे त्याला दिसते.

त्यासाठी पालकांची तयारी करून घ्यावी लागते. म्हणून या पद्धतीत पालकांसाठी वेगळ्या भेटी असतात. अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर जो पालक त्यात सामील नाही, त्याच्याबरोबर हे काम चालते. आपल्याकडे नेमके हेच सुटते. मुलाला आत बोलावतात आणि आई बाहेर बाकड्यावर बसते. ती स्वतः झोपलेली नसते, नवरा तिला बोल लावत असतो, सासरचे गाव सोडायला सांगत असतात. मूल आठवड्यातला एक तास तज्ज्ञाकडे असते आणि उरलेला सगळा वेळ याच आईजवळ. तिला सावरल्याशिवाय त्या एका तासाचा उपयोग किती होणार?

‘ईएमडीआर’ ही दुसरी पद्धतही मान्यताप्राप्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत मुलांसाठी या दोन्हींचा विचार करावा, असे म्हटले. काय करू नये, हेही त्याच सूचनांत आहे. घटनेनंतर लगेच एका बैठकीत सगळे वदवून घेऊ नये. आघाताची लक्षणे कमी करण्यासाठी किंवा झोप लागावी म्हणून मुलांना बेन्झोडायझेपिन गटातील औषधे देऊ नयेत. तालुक्याच्या गावी ‘झोप लागत नाही’ म्हणून गेलेल्या मुलाच्या हातात पहिल्याच भेटीत गोळी पडत असेल, तर ते या सूचनेच्या उलट आहे.

हे काम कोणी करायचे?

नावांचा गोंधळ मोठा आहे, म्हणून थोडे सविस्तर. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा डॉक्टर असतो. निदान आणि औषधे हे त्याचे काम, आणि देशात लाखामागे असा एकही तज्ज्ञ वाट्याला येत नाही. त्यातही मुलांचे तज्ज्ञ मूठभर, तेही मुंबई-पुण्यात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. आघातावरचे दीर्घ उपचार मुख्यतः त्याने करावेत अशी अपेक्षा असते. घर, शाळा आणि पंचायत यांच्याशी सांधा जोडतो तो सायकिअॅट्रिक सोशल वर्कर.

राहिला समुपदेशक. या शब्दावर आजवर कुणाची मक्तेदारी नव्हती. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेलाही समुपदेशक आणि दोन आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स केलेलाही समुपदेशक. समुपदेशकांसह अनेक संलग्न आरोग्य व्यवसायांच्या नोंदणीसाठी संसदेने २०२१ मध्ये कायदा केला खरा, पण दाराबाहेरच्या पाटीवरून फरक ओळखणे पालकांना अजून जमत नाही.

आणखी एक नाव अलीकडे ऐकू येते, ‘सहायक व्यक्ती’. ‘पोक्सो’च्या २०२० च्या नियमांनुसार बालकल्याण समिती मूल आणि पालकांच्या संमतीने ती नेमते. तपासापासून खटला संपेपर्यंत कुटुंबासोबत राहणे, तारीख कळवणे, न्यायालयात सोबत जाणे ही तिची कामे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये या नेमणुकांबाबत सविस्तर निर्देश दिले. तिचे दिवसाचे मानधन कुशल कामगाराच्या किमान वेतनापेक्षा कमी नसावे, असे नियमांत आहे. म्हणजे तिचे मोल गवंड्याच्या रोजाशी मोजले गेले. तरीही चांगली सहायक व्यक्ती मिळालेले कुटुंब नशीबवान म्हणावे लागेल. पण ती उपचार करत नाही आणि तिने तसे करूही नये. ‘सहायक व्यक्ती नेमली’ या शेऱ्याने उपचाराचा रकाना भरला असे मानले जाते, ही खरी अडचण.

कायदा आणि योजना काय देतात?

‘पोक्सो’ २०१२ मध्ये आला. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या जागी घ्यावा, पोलीस गणवेशात नसावेत, न्यायालयात आरोपी त्याच्यासमोर येऊ नये, वारंवार बोलावू नये, प्रश्न न्यायाधीशांमार्फत विचारावेत अशी बारीक काळजी त्यात घेतली आहे. साक्ष ३० दिवसांत नोंदवावी आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवावा, असेही कायदा म्हणतो. जबाबाला मुदत आहे, साक्षीला मुदत आहे, निकालाला मुदत आहे. गरज असेल तर मुलाला मानसिक उपचारासाठी पाठवावे, असा उल्लेख नियमांत सापडतो. किती दिवसांत आणि कुणाकडे, याला मात्र मुदत नाही आणि पत्ताही नाही.

राज्याची ‘मनोधैर्य’ योजना २०१३ पासून आहे. २०१७ मध्ये तिची जबाबदारी विधी सेवा प्राधिकरणाकडे आली आणि भरपाईची कमाल मर्यादा १० लाख रुपये झाली. योजनेच्या नावातच मनाचे धैर्य आहे आणि उद्देशांत समुपदेशनही आहे. व्यवहारात ती ओळखली जाते रकमेमुळे. यातला मोठा हिस्सा मुदत ठेवीत जातो, तो मुलाच्या भवितव्यासाठी. ते योग्यच. करोनात आईवडील गमावलेल्या मुलांनाही राज्याने ५ लाखांची मुदत ठेव दिली. पैसा लागतोच, त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ठेव पिकेपर्यंत मूल मोठे होते. रात्री दचकून उठणे त्या तारखेपर्यंत थांबत नाही.

साक्ष होईपर्यंत उपचार थांबवावेत का?

वकिलांच्या तोंडून हा सल्ला सर्रास ऐकू येतो. तज्ज्ञाशी बोलले तर ‘मुलाला पढवले’ असे बचाव पक्ष म्हणेल, म्हणून आधी साक्ष होऊ द्या. भीती निराधार नाही. उलटतपासणीत असा आरोप होतो. पण साक्षीपर्यंत उपचार थांबवा असे भारतातला कोणताही कायदा सांगत नाही. खटला वर्षात संपेल याची खात्री नसताना वाट पाहणे म्हणजे मुलाला तेवढा काळ लक्षणांसह सोडून देणे. इंग्लंड आणि वेल्समधील सरकारी अभियोग विभागाने २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचनांत खटल्यासाठी उपचार लांबवू नयेत, असे स्पष्ट म्हटले आहे. प्रशिक्षित तज्ज्ञ मुलाला उत्तर सुचवत नाही, मूल जे म्हणते तेच नोंदवतो. शिवाय सावरलेले मूल न्यायालयात अधिक नीट बोलू शकते. अभियोग संचालनालयाने याबाबत एक लेखी परिपत्रक काढले, तर तालुका न्यायालयातल्या वकिलाचा सल्ला बदलेल. त्यासाठी पैसा लागत नाही.

दुसरा पेच अधिक अवघड आहे. अत्याचाराची माहिती मिळाली की ती पोलिसांना कळवणे ‘पोक्सो’नुसार प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टर आणि समुपदेशकांवरही. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. अत्याचारी व्यक्ती काका किंवा शेजारी असेल तर कुटुंब आधीच कचरते. तज्ज्ञाकडे गेले की पोलीस येणार, हे कळल्यावर ते दवाखान्याची पायरीच चढत नाहीत. गुन्हे दडपले जाऊ नयेत म्हणून ही तरतूद आली आणि ती काढून टाकावी असे म्हणणे सोपे नाही. निदान तक्रारीनंतर काय होईल, कोण सोबत असेल, हे त्या दालनातच समजावून सांगणारा माणूस तरी हवा.

जिल्ह्यात प्रत्यक्षात काय मिळते?

समजा, जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातल्या एखाद्या गावची नऊ वर्षांची मुलगी आहे. गुन्हा नोंदला, वैद्यकीय तपासणी झाली, आरोपी कोठडीत गेला. उपचारासाठी तिला जिल्हा रुग्णालय गाठायचे आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, सोशल वर्कर आणि परिचारिका असे पथक त्यात अपेक्षित आहे. जागा भरलेल्या असतील असे धरू. त्या ओपीडीत तिच्या आधी स्किझोफ्रेनियाचे, दारूचे, फिट्सचे रुग्ण रांगेत असतात. मुलांसाठी वेगळी खोली नाही, खेळणी नाहीत. ज्या दारावर ‘मनोविकृती विभाग’ लिहिले आहे, त्यातून मुलीला नेताना गावचे कुणी पाहिले तर काय, हा धसका वेगळाच.

आणि हे एकदा नव्हे, १२ ते १६ वेळा. आईचा खाडा, मुलीची शाळा बुडणे, धाकट्याला कुणाकडे ठेवायचे. महिला सन्मान योजनेमुळे एसटीचे तिकीट अर्धे झाले, पण बुडालेली मजुरी अर्धी होत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीनंतर कुटुंब येईनासे झाले की फाइलवर शेरा पडतो, ‘पालकांचे सहकार्य नाही’.

किती मुलांना अशा उपचारांची गरज आहे, हे मोजण्याची सोयही अपुरी. २०१५-१६ चे राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता. १३ ते १७ वयोगटातील सुमारे ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार असल्याचे त्यात आढळले. तो आकडा महाराष्ट्राला लावून अंदाज बांधले जातात, एवढेच.

आपत्तीनंतर वेगळे काही घडते का?

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारी भूकंप, ३० जुलै २०१४ चे माळीण, १९ जुलै २०२३ च्या रात्रीचे इर्शाळवाडी. दरवेळी पहिल्या आठवड्यात मदतीचा पूर येतो. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे १२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. त्या काळी मनाच्या उपचाराची भाषाही रूढ नव्हती, तेव्हा इतक्या मुलांच्या शाळेची घडी बसवणे हे मोठेच काम होते.

इर्शाळवाडीपर्यंत ‘समुपदेशन’ हा शब्द मदतीच्या यादीत आला होता. पण आपत्तीत समुपदेशकही ब्लँकेटसारखे येतात, एकदम आणि थोड्या दिवसांसाठी. मुलांना त्या रात्रीचे चित्र काढायला सांगायचे, फोटो घ्यायचे आणि परतायचे, हा प्रकार उपचार नाहीच, उलट त्रासदायक ठरू शकतो. पहिल्या आठवड्यात मुलाला हवे असतात ओळखीची माणसे, जेवण, झोपायला सुरक्षित जागा आणि लवकर सुरू झालेली शाळा. तज्ज्ञाची गरज महिन्यानंतर कळते, जेव्हा बरीच मुले सावरलेली असतात आणि काही सावरलेली नसतात. तोवर तंबू उठलेले असतात. आदिवासी वाडीतली मुले आश्रमशाळेत परततात. त्यांच्यापैकी कोण रात्री जागे राहते हे अधीक्षक आणि अधीक्षिकेलाच दिसते. त्यांना लक्षणे ओळखायला शिकवणे हे चार समुपदेशकांच्या भेटीपेक्षा अधिक कामाचे आहे.

मग केंद्र उभे करायचे कुठे?

नवी इमारत नको. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्येच झाली. त्याअंतर्गत जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रे उघडली. ती १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहेत. जन्मजात व्यंग, श्रवणदोष, वाढीतील विलंब यांवर तिथे काम चालते. भिंतीवर चित्रे असतात, खेळणी असतात, बालरोगतज्ज्ञ असतात, मानसशास्त्रज्ञ आणि सोशल वर्करची पदे असतात. मुख्य म्हणजे तिथे जाणारे मूल ‘वेडे’ ठरत नाही. कुणी विचारले तर ‘कानाची तपासणी’ म्हणून सांगता येते. आघातग्रस्त मुलांसाठी तिथे आठवड्यातले दोन दिवस ठरवून द्यावेत, दोन प्रशिक्षित माणसे नेमावीत आणि पालकांसाठी वेगळी खोली ठेवावी. याहून मोठी मागणी सध्या नको.

मुंबईत याचा दाखला आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेने ‘दिलासा’ हे हिंसाग्रस्त स्त्रियांसाठीचे केंद्र सुरू केले. रुग्णालयाच्याच परिचारिका आणि कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले. दवाखान्यात आलेली स्त्री वेगळा पत्ता न शोधता तिथेच मदत मिळवू शकली आणि पुढे हा प्रयोग पालिकेच्या इतर रुग्णालयांतही गेला. हैदराबाद पोलिसांनी २०१६ मध्ये ‘भरोसा’ केंद्र उघडून जबाब, वैद्यकीय मदत आणि समुपदेशन एका छताखाली आणले. ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेत अलाबामातील हंट्सव्हिल शहरात १९८५ मध्ये आणि आइसलँडमध्ये १९९८ मध्ये मुलांसाठी अशी घरे उभी राहिली. महाराष्ट्रातही ‘भरोसा सेल’ आणि ‘सखी’ वन स्टॉप सेंटर आहेत. मात्र त्यांचा भर स्त्रियांवर आणि कौटुंबिक तक्रारींवर असतो. मुलांचे दीर्घ उपचार ही त्यांची बैठक नव्हे.

एवढे तज्ज्ञ आणायचे कुठून, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर झांबियाच्या लुसाका शहरातून मिळते. तिथे मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना आघात-उपचार शिकवून २५७ मुलांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या मदतीपेक्षा या मुलांची लक्षणे बरीच अधिक कमी झाली. केनिया आणि टांझानियात पालक गमावलेल्या ६४० मुलांसाठी गटातून हाच उपचार झाला. २०२० च्या निष्कर्षांनुसार चारपैकी तीन ठिकाणी तो सरस ठरला. शेतकरी आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या मुलांच्या राज्याला हा दुसरा प्रयोग अधिक जवळचा वाटावा. शेजारच्या गोव्यात ‘संगथ’ संस्थेने नैराश्यासाठी स्थानिक समुपदेशक तयार करून हेच सिद्ध केले. गडचिरोलीत ‘सर्च’ने गावातल्या बायकांना नवजात बाळांचा जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायला शिकवले, तेव्हाही ‘हे डॉक्टरचे काम’ असे आक्षेप आलेच होते.

या प्रयोगांत एक गोष्ट समान आहे आणि सरकारी अनुकरणात तीच गळते. ती म्हणजे देखरेख. प्रशिक्षण दिलेल्या माणसाला आपल्या केसबद्दल दर आठवड्याला अनुभवी तज्ज्ञाशी बोलता आले पाहिजे. तीन दिवसांची कार्यशाळा, प्रमाणपत्र आणि समूह छायाचित्र यांवर भागत नाही. बेंगळूरुच्या ‘निम्हान्स’मध्ये ‘संवाद’ हा बालसंरक्षण आणि मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय उपक्रम आहे. राज्याच्या पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांतही अनुभवी माणसे आहेत. व्हिडीओ कॉलवर ही देखरेख शक्य आहे. मुलांचे दुःख रोज ऐकणारा समुपदेशक ११ महिन्यांच्या कंत्राटावर असेल, तर तो टिकत नाही. उपचाराच्या मध्यावर माणूस बदलला की मुलाला आणखी एक मोठा माणूस सोडून गेलेला असतो.

कायद्याचा आधार आहेच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ मध्ये मुलांच्या मानसिक आरोग्य सेवेचा वेगळा उल्लेख आहे. जिल्ह्यात सरकारी सेवा नसेल, तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, असेही त्यात आहे. या कलमाखाली मुलाच्या उपचाराचे बिल मागता येते, हे किती पालकांना कुणी सांगितले असेल?

तोपर्यंत पालकांनी काय पाहावे?

चांगला तज्ज्ञ पहिल्या दिवशी ‘काय झाले ते सांग’ म्हणून मुलाच्या मागे लागत नाही. तो पालकांनाही वेळ देतो, साधारण किती भेटी लागतील ते सांगतो आणि आपले शिक्षण विचारले तर चिडत नाही. ‘एका बैठकीत बरे करतो’ किंवा ‘संमोहनाने सगळे बाहेर काढतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. घरी मुलाला खोदून विचारू नये. ते स्वतः बोलले तर हातातले काम बाजूला ठेवून ऐकावे. चूक त्याची नव्हती हे स्पष्ट शब्दांत आणि एकापेक्षा जास्त वेळा सांगावे. झोपेची, जेवणाची आणि शाळेची वेळ मोडू देऊ नये. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी ‘टेली मानस’ची १४४१६ या हेल्पलाइन विनाशुल्क आहेत. टेली मानसवर मराठीतही बोलता येते.

गुन्ह्यांचा वार्षिक अहवाल येतो तेव्हा त्यात नोंद, आरोपपत्र, दोषसिद्धी आणि प्रलंबित खटले यांचे रकाने असतात. भरपाईच्या फाइलमध्ये वैद्यकीय अहवाल, एफआयआरची प्रत आणि बँक खात्याचा तपशील असतो. बालकल्याण समितीच्या आणि विधी सेवा प्राधिकरणाच्या नमुन्यात आणखी तीन ओळी वाढवायला शासन निर्णयाचे एक पान पुरेल : उपचार सुरू झाले का, कुणाकडे, आणि ही कितवी भेट.